आरपीई-६५ जीन

आरपीई-६५ जीन : मानवाच्या पहिल्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवरील एक जीन (आनुवंशिक एकक). याच्यामुळे डोळ्यातील जालपटलामागील रंजकयुक्त कोशिकास्तरात एक एंझाइम तयार होते. त्याचा रेणुभार सु. ६५,००० असल्याने जीनाच्या नावात ६५ हा आकडा आला आहे.

प्रकाश पडताच जालपटलातील दृष्टिरंजकाशी जोडलेल्या, अ जीवनसत्त्वापासून बनलेल्या रेणूचा आकार बदलतो. त्याला मूळचे वाकलेले रूप परत देण्याच्या क्रियेतील कळीचा टप्पा हे एंझाइम पार पाडते. ते निकामी असल्यास रंजक पुन्हा पुरेसे बनत नाही, मंद प्रकाशातील दृष्टी बालपणीच जाते आणि कालांतराने जालपटलातील कोशिकाही नष्ट होतात. टेओडोर लेबर यांनी १८६९ मध्ये वर्णन केलेल्या जन्मजात अंधत्वाचा एक प्रकार असा उद्‌भवतो, हे १९९७ मध्ये दिसून आले. असे मूल दिव्याकडे टक लावून पाहते. त्याची बुबुळे सतत हलत राहतात.

आपल्याकडे रातांधळेपणा म्हटला की अ जीवनसत्त्वाची न्यूनता गृहीत धरून पालेभाज्या व पपई सुचविली जाते. एरवी ते योग्यच आहे. परंतु येथे जीवनसत्त्व उणे नसते, त्याचे रूपांतर अडलेले असते. केवळ आहारावर विसंबून वर्षे दवडल्यास जालपटल क्षीण होत जाते.

हा विकार बहुधा अप्रभावी रीतीने संक्रमित होतो. आईबाप दोघेही निरोगी वाहक असतात आणि प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता एक-चतुर्थांश असते. तेव्हा ग्रहणकाळातील वागणुकीचा दोष एकट्या मातेच्या माथी मारणे सर्वस्वी निराधार आहे. नेवासे परिसरासह महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत मामाच्या मुलीशी विवाह रूढीसंमत आहे. इरावती कर्वे यांनी आप्तसंबंधांवरील आपल्या ग्रंथात (१९५३) या प्रथेची चर्चा केली आहे. अशा दांपत्यात सरासरी एक-अष्टमांश जीन सामाईक असतात, त्यामुळे एकच सदोष जीन दोघांत असण्याचा संभव वाढतो. तथापि अशा विवाहांतील बहुतेक संतती निरोगीच निपजते. घराण्यात जन्मांध मूल असल्यास मात्र विवाहापूर्वी आनुवंशिकी सल्ला घेणे इष्ट.

ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांतही हा दोष आढळतो. निरुपद्रवी विषाणूद्वारे निर्दोष जीन जालपटलाखाली टोचून अशा अंध कुत्र्यांना दृष्टी देता येते, हे २००१ मध्ये सिद्ध झाले. त्याच पद्धतीच्या मानवी उपचारास अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. तेथे दोन्ही डोळ्यांसाठी त्याची किंमत ८.५ लाख डॉलर ठेवण्यात आली. जीनपरीक्षेने दोन्ही प्रतींतील दोष निश्चित झाला आणि जालपटलात पुरेशा कोशिका जिवंत असल्या, तरच हा उपचार करता येतो.