चिकन नूडल सूपने सर्दी खरंच बरी होते का? आणि घरी करायचं तर कसं?

पावसाळा लागला की घराघरांत शिंका सुरू होतात. मग फॅमिली ग्रुपवर हमखास एक फॉरवर्ड येतो, 'गरमागरम चिकन सूप प्या, सर्दी पळून जाईल.' त्यात तथ्य किती आणि पसरलेली समजूत किती?

ही समजूत आली कुठून?

बाराव्या शतकातले ज्यू वैद्य आणि तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांनी श्वसनाच्या तक्रारींवर कोंबडीचं सूप सुचवलं होतं. अमेरिकेत तर आजारी माणसाला चिकन नूडल सूप देणं ठरलेलंच. कॅम्पबेल कंपनीने १९३४ मध्ये ते डबाबंद करून विकायला काढलं आणि ते घरोघरी पोहोचलं. आपल्याकडे कोल्हापुरात तिखट घालण्याआधी काढून घेतलेलं मटणाचं अळणी लहान मुलांना आणि आजाऱ्यांना देतात, तेही याच विचाराने.

विज्ञान काय सांगतं?

१९७८ मध्ये अमेरिकेतल्या मायामी बीच इथल्या डॉक्टरांनी निरोगी माणसांना थंड पाणी, गरम पाणी आणि गरम चिकन सूप देऊन नाकातला शेंबूड किती वेगाने सरकतो हे मोजलं. गरम पाण्याने वेग वाढला, सूपने त्याहून जास्त. पण अर्ध्या तासात परिणाम ओसरला.

२००० मध्ये नेब्रास्का विद्यापीठाचे डॉ. स्टीफन रेनार्ड यांनी घरगुती पद्धतीचं सूप प्रयोगशाळेत तपासलं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी संसर्गाच्या जागी धाव घेतात आणि त्यातून सूज, शेंबूड वाढतो. सूपमुळे या पेशींची हालचाल मंदावली. मात्र हा प्रयोग काचेच्या भांड्यातला होता, रुग्णांवरचा नव्हता.

थोडक्यात, सूप सर्दीच्या विषाणूला मारत नाही. पण वाफेने नाक मोकळं वाटतं, पोटात पाणी आणि मीठ जातं, आणि तोंडाला चव नसताना थोडी प्रथिनं मिळतात. आजारपणात एवढंही पुष्कळ आहे.

घरी करायचं कसं?

चार जणांसाठी अर्धा किलो हाडासकट चिकन, एक कांदा, दोन गाजरं, पाच-सहा लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, आठ-दहा मिरे, एक तमालपत्र आणि शंभर ग्रॅम नूडल्स पुरतात. सेलरी मिळाली तर उत्तम, नाही तर कोथिंबिरीचे देठ घाला.

१. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. उडणाऱ्या थेंबांबरोबर जंतू सिंक आणि ओट्यावर पसरतात. ते शिजवल्यानेच मरतात.

२. चिकन पातेल्यात घालून दीड लिटर थंड पाणी ओता आणि गॅस लावा. वर येणारा फेस झाऱ्याने काढून टाका. तो विषारी नसतो, काढल्याने सूप स्वच्छ दिसतं इतकंच.

३. कांदा, लसूण, आलं, मिरे, तमालपत्र घालून गॅस मंद करा. खदखदा उकळलं तर चरबी पाण्यात मिसळून सूप गढूळ होतं.

४. पाऊण तासाने चिकन शिजलं की बाहेर काढा आणि मांस सोडवून घ्या. हाडं पुन्हा पातेल्यात टाकून आणखी अर्धा तास ठेवा. हाडांभोवतीच्या कोलॅजनचं जिलेटिन होतं आणि सूपला अंग येतं. फ्रिजमध्ये ते थलथलीत झालं तर बिघडलं असं समजू नका, ती चांगली खूण आहे.

५. सूप गाळा, गाजराचे तुकडे आणि मीठ घालून दहा मिनिटं शिजवा. मग सोडवलेलं मांस घालून एक उकळी आणा. नूडल्स वेगळ्या उकडून वाटीत घ्या, वरून सूप ओता आणि लिंबू पिळा. पातेल्यातच नूडल्स ठेवल्या तर त्या सगळं सूप पिऊन लगदा होतात.

घाई असेल तर कुकर चालतो. पण चिकन क्यूब किंवा तयार पावडर घालताना बेताने घ्या. त्यात मीठ भरपूर असतं, आणि घरात रक्तदाबाचे रुग्ण असतील तर ते महागात पडू शकतं.

उरलेलं सूप ओट्यावरच ठेवलं तर?

खरी चूक इथेच होते. 'सकाळी पुन्हा उकळू' म्हणून पातेलं रात्रभर तसंच राहतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्या जंतूंचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि सूप हळूहळू निवताना वाढतात. उकडलेल्या नूडल्समध्ये बॅसिलस सिरियस वाढला, तर त्याचं उलट्या करवणारं विष नंतर कितीही उकळलं तरी नष्ट होत नाही. आधीच आजारी असलेल्या माणसाला वरून उलट्या-जुलाब झाले तर तो आणखी खचतो.

म्हणून उरलेलं सूप उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, नूडल्स वेगळ्या ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. लागेल तेवढंच काढून चांगलं उकळून घ्या.

सूपवर कधी थांबायचं नाही?

धाप लागणं, छातीत दुखणं, तीन दिवसांहून जास्त ताप किंवा लघवी खूप कमी होणं, यांपैकी काही दिसलं तर सूप बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. लहान मुलं आणि वयस्कर माणसांच्या बाबतीत तेवढीही वाट पाहू नका.