हेल्मेटमधली हाक

मोटरसायकल ताशी ६० किलोमीटर वेगाने धावू लागली की हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज सुमारे ९० डेसिबलपर्यंत चढतो; ताशी १६० ला तो ११० च्या घरात जातो. समोरासमोर बसून मारलेल्या गप्पा ६० डेसिबलच्या आसपास असतात. डेसिबलचा दर दहाचा टप्पा म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावरही वारा आपल्या बोलण्याहून हजारपट जोरकस असतो तो असा. हा गोंगाट मुख्यतः इंजिनाचा नसतो. हेल्मेटच्या कडांवरून, विशेषतः हनुवटीखालून जाताना हवा जिथे विस्कटते, तिथे तो तयार होतो.

म्हणून धावत्या दुचाकीवरून बोलण्याचा प्रश्न आधी ध्वनीचा आहे, रेडिओचा नंतर. विकत घेताना आपण नेमके उलटे करतो: रेंज किती किलोमीटर आणि किती जण जोडता येतात, हे आधी विचारतो. थोडक्या पैशांत काम भागवायचे असेल त्याने तोंडापासून आणि कानापासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

मागे बसलेल्या माणसाशी बोलायला तर वीजही लागत नाही. उघड्यावर आवाज चहूकडे पसरून विरतो; नळीत त्याला पसरायला जागाच नसते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झां-बाप्तिस्त बिओ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसमधल्या पाण्याच्या ९५१ मीटर लांबीच्या रिकाम्या लोखंडी नळात हे अनुभवले. एका टोकाची कुजबुज दुसऱ्या टोकाला ऐकू येत होती. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टच्या वैमानिक प्रशिक्षण शाळेत रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी हाच गुण कामाला लावला. उघड्या विमानात विद्यार्थ्याच्या पुढे किंवा मागे बसलेला शिक्षक त्याच्याशी रबरी नळीतून बोले, आणि ती नळी पुढे ‘गॉस्पोर्ट ट्यूब’ याच नावाने ओळखली गेली. चेहरा पूर्ण झाकणारी हेल्मेट असतील तर ही युक्ती दुचाकीवरही चालते. फक्त नळी जरा ओढताच सुटेल अशी जोडलेली हवी. पडण्याच्या प्रसंगी दोन माना एकमेकींना बांधलेल्या नसाव्यात.

हेल्मेटमधल्या मायक्रोफोनची करामत याहून सूक्ष्म आहे. गोंगाटासाठी बनवलेल्या मायक्रोफोनच्या पडद्याला पुढून आणि मागून, दोन्हीकडून हवा लागते. दुरून आलेला आवाज दोन्ही बाजूंवर जवळजवळ सारखाच दाब देतो, त्यामुळे पडदा फारसा हलत नाही. ओठ मात्र पुढच्या बाजूच्या इतके जवळ असतात की तिथला दाब स्पष्टपणे जास्त भरतो, आणि पडदा थरथरतो तो बोलण्यानेच. ओठांपासून चार बोटे लांब गेले की हा फायदा ओसरतो. मायक्रोफोन आडवातिडवा बसला तरी ओसरतो. म्हणून मायक्रोफोनवर खूण केलेली बाजू ओठांकडे, ओठांना जवळजवळ टेकलेली, आणि वर स्पंजची टोपी शाबूत. तेवढ्याने स्वस्त संचही बोलका होतो. उघड्या हेल्मेटसाठी गळ्यावर बांधायचा मायक्रोफोन मिळतो. तो हवेतला आवाज घेतच नाही, स्वरयंत्राची कंपने थेट कातडीवरून टिपतो. दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक आणि रणगाडेवाले असेच बोलत.

कानासाठीचा उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि ऐकायला उफराटा वाटतो: फोमचे इअरप्लग. ते वारा आणि बोलणे दोन्ही सारखेच कमी करतात. पण फार मोठ्या आवाजात कान स्वतःच गोंधळतो, शब्दांतले बारकावे त्याला वेगळे काढता येत नाहीत. प्लगमुळे आवाज सोसवेल अशा पातळीवर येतो, मग स्पीकरचा आवाज वाढवला की शब्द नीट कळतात. एक मात्र कळकळीने सांगावेसे वाटते. स्पीकर बसवायला हेल्मेटमधला थर्मोकोलसारखा थर कोरू नका. डोके वाचवणारा थर तोच आहे.

आता रेडिओ. बहुतेक इंटरकॉम ब्लूटूथवर चालतात. स्वीडनमधल्या लुंड इथे एरिक्सन कंपनीत याप हार्टसन या डच अभियंत्याने १९९४ पासून या तंत्रावर काम केले. मूळ ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या ७९ वाटांवरून सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत बोलते, त्यामुळे एखाद्या वाटेवर गर्दी असली तरी संभाषण तुटत नाही. पण इंटरकॉमसाठी प्रत्येक कंपनीने आपापली बोली रचली, आणि दोन कंपन्यांचे संच एकमेकांना ओळखेनासे झाले. त्यावरची तोड मला फार कल्पक वाटते: एक संच दुसऱ्याला आपण मोबाइल फोन असल्याचे भासवतो. दुसरा संच फोन आला समजून बोलू लागतो. किंमत एवढीच, की फोनसाठीची जागा त्यात खर्ची पडते.

काही हजार रुपयांच्या संचांच्या खोक्यावर सहा जणांचा आकडा दिसला तर बारीक अक्षरांतला मजकूर वाचा. सहा जणांशी जोडी लावता येणे वेगळे आणि सहा जणांनी एकाच वेळी बोलणे वेगळे. अनेक संचांत एका वेळी दोघेच बोलू शकतात. साखळीने जोडलेल्या संचांत मधला स्वार मागे पडला की पलीकडचे तुटतात. २०१५ मध्ये इस्रायलच्या कार्डो कंपनीने आणलेल्या मेश पद्धतीत प्रत्येक संच इतरांचा निरोप पुढे पोचवतो, म्हणून एक गळला तरी वाट सापडते. ही सोय आता स्वस्त संचांतही उतरते आहे.

रेंजचे आकडे मोकळ्या माळावरचे असतात. रेडिओलहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही. तिला भोवती मोकळी जागा लागते. ५०० मीटरवरच्या दोन संचांमध्ये, अगदी मध्यावर, या मोकळ्या जागेची त्रिज्या जवळपास ४ मीटर असावी लागते, आणि स्वाराचे डोके असते रस्त्यापासून दीड मीटरवर. शिवाय २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी सहज शोषते, आणि आपले डोके बहुतांशी पाणीच आहे. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात एका वळणाआड गेलेला मित्र गप्प होतो, त्यात संचाचा दोष फारसा नसतो.

लांबच्या बोलण्यासाठी वॉकीटॉकी उरते. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे, मान्यताप्राप्त संच परवान्याशिवाय वापरता येतात. स्वस्तात मिळणारे, कुठलीही वारंवारता लावता येणारे पाच वॉटचे संच या सवलतीत बसत नाहीत. आणि वाहन चालवताना हातात संपर्काचे साधन धरणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली येते, म्हणून बोलण्याचे बटण हँडलवर पट्ट्याने बांधलेले हवे. मोबाइलवरचा ग्रुप कॉल जवळजवळ फुकट पडतो, पण टॉवर आहे तोवरच. लडाखला निघणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम तिथे चालत नाहीत, पोस्टपेड चालतात.

यातले काहीच नसताना मोठे ग्रुप ज्या पद्धतीने चालतात तिच्याविषयी मला विशेष आदर आहे. उजवा हात अ‍ॅक्सिलरेटरवर गुंतलेला, म्हणून खुणा डाव्या हाताच्या: एक बोट वर म्हणजे एका रांगेत या, दोन बोटे म्हणजे दोन रांगा, टाकीकडे बोट म्हणजे पेट्रोल संपत आले. उजवीकडचा खड्डा उजव्या पायाने दाखवायचा. फाटा आला की सर्वांत पुढचा, म्हणजे लीड, आपल्या मागच्या स्वाराला तिथे थांबण्याची खूण करतो. थांबलेला स्वार येणाऱ्या प्रत्येकाला वाट दाखवतो. सर्वांत शेवटचा, म्हणजे स्वीप, दिसला की थांबलेला स्वार त्याच्या पुढे निघतो. पुढच्या फाट्यावर त्या वेळी लीडच्या मागे असलेला थांबतो. ग्रुप कित्येक किलोमीटर लांबला तरी कुणी चुकत नाही. त्यासाठी दोन गोष्टी पाळाव्या लागतात: स्वीपचे जॅकेट दुरून ओळखू येईल अशा भडक रंगाचे असावे, आणि थांबणाऱ्याने ऐन वळणावर उभे न राहता मागून येणाऱ्या ट्रकलाही दिसेल अशा जागी, डांबराच्या बाहेर थांबावे.