खापर रोमचं की इराणचं?

विदर्भात धाम नदीकाठच्या पवनारला १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी उत्खनन केलं. तिथल्या पांढरीत सातवाहनकाळातल्या वस्तीचे थर लागले. आता सातवाहन म्हटलं की रोमचा व्यापार आठवतो आणि एखादं जाडजूड खापर हाती आलं की ‘रोमन’ म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

हा मोह होतो तो अँफोऱ्यामुळे. अँफोरा म्हणजे दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा रांजण. वाइन, ऑलिव्ह तेल, माशांचं आंबवलेलं कालवण अशा मालाचं हे जहाजी भांडं. टोकदार बुडामुळे ते जमिनीवर उभं राहत नाही, पण जहाजाच्या तळात दाटीनं रचता येतं. हाइन्रिख ड्रेसेल या जर्मन अभ्यासकानं १८९९ मध्ये या रांजणांच्या आकारांचा तक्ता छापला. त्यातले क्रमांक आजही चालतात. भारतात ओळखीचा आहे तो ‘ड्रेसेल २–४’, वाइनचा. त्याचा कान दोन दांडे जुळवल्यासारखा असतो, त्यामुळे तुटलेल्या कानाच्या छेदात इंग्रजी आठचा आकडा दिसतो. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला असे तुकडे मिळाले.

कान नसेल तर? मग आतली बाजू पाहायची. रोमन रांजणांना बहुधा पाइनच्या राळेचं अस्तर असे. डांबराचा काळा, जाड थर दिसला तर तो बहुधा टॉर्पेडो जार: बिनकानाचा, लांबट, इराण-इराककडून आलेला. भारतात रोमन म्हणून नोंदलेली बरीच खापरं प्रत्यक्षात या जातीची आहेत, हे रॉबर्टा टॉम्बर यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं. घारापुरीलाही ती सापडली आहेत.

मातीचा पोतही बोलतो. नेपल्सच्या परिसरातल्या रांजणांत ज्वालामुखीच्या काळ्या वाळूचे कण भिंगातून दिसतात. पण गंमत अशी, की आपला काळा पत्थरही ज्वालामुखीचाच! म्हणून विदर्भात नुसत्या भिंगावर भागत नाही. खापराचा पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली खनिजं तपासावी लागतात.

तेव्हा शेतात, नदीकाठी असं खापर दिसलं तर घासूनपुसून स्वच्छ करू नका, अस्तर निघून जाईल. जागेवरच फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा आणि नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.