रेडिएटर उतरवताना दोन पाने हाती धरा

हंगाम सरला की दारातल्या जुन्या गाडीची आठवण होते. आम्हीही ऑटोमॅटिक गिअरची एक जुनी गाडी उघडली. तिच्या गिअरबॉक्सचे तेल दोन लोखंडी नळ्यांतून रेडिएटरच्या टाकीतल्या कूलरमध्ये येते व थंड होऊन परत जाते.

आम्ही गंजलेल्या नटाला एकच पाना लावला अन् जोर दिला. नट हलला नाही, नळीच पिळली! दोनशे ठिकाणी विचारून नवी नळी करून घ्यावी लागली. म्हणून हा खटाटोप.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम असता टोपण उघडाल, तर उकळते पाणी अंगावर येईल. खालची तोटी सोडून पाणी भांड्यात धरा. हिरव्या कूलंटमध्ये बहुधा ग्लायकोल असते. ते गोड लागते पण विषारी आहे. कुत्री-गुरे तोंड लावतील असे उघडे ठेवू नका, पाटातही ओतू नका.

नटावर आदल्या रात्री तेल सोडा. एका पान्याने टाकीकडचा जोड घट्ट धरा, दुसऱ्याने नट फिरवा. सुटलेली तोंडे बुचाने बंद करा. धूळ गेली तर गिअरबॉक्स बिघडेल. मग बोल्ट काढून रेडिएटर सरळ वर उचला, पंख्याला घासू देऊ नका.

गिअरचे तेल दुधाळ गुलाबी दिसले, तर आतला कूलर फुटून पाणी शिरले असे समजा. तशी गाडी पुढे चालवू नका. नळी स्वस्त, गिअरबॉक्स महाग, एवढे ध्यानात ठेवा.