छायाचित्रणाचा छंद

छंद माणसाला रोजच्या कामातून थोडा वेळ बाजूला नेतो आणि त्याच जगाकडे नव्या दृष्टीने पाहायला शिकवतो. छायाचित्रण हा असाच एक छंद आहे. पूर्वी रीळ विकत घेणे, ते धुऊन घेणे आणि फोटो कागदावर छापणे या प्रत्येक गोष्टीला पैसे पडत. आज अनेकांच्या मोबाइलमध्येच कॅमेरा असतो. साधनाची अडचण त्यामुळे कमी झाली. पाहण्याचा सराव मात्र ज्याचा त्यानेच करावा लागतो.

हा सराव परिचित ठिकाणापासून सुरू करावा. १८३९ मध्ये फ्रान्समध्ये छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली आणि काही वर्षांतच ही कला भारतात पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रणप्रेमींची संस्था स्थापन झाली. उत्तर भारतात लखनौ शहरातही ही कला रुजली. तेथील दारोगा अब्बास अली हे नगरपालिकेचे अभियंते होते. त्यांनी आपल्याच शहरातील स्थळांची ५० छायाचित्रे घेतली आणि १८७४ मध्ये ती माहितीसह पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्या काळचे लखनौ आज आपल्याला पाहता येते, ते अशा संग्रहांमुळे.

याच लखनौमधील अमीनाबाद या जुन्या बाजारपेठेचे उदाहरण घेऊन छायाचित्रणातील काही प्राथमिक गोष्टी समजून घेऊ. येथे चिकनकारीची, म्हणजे तलम कापडावरील नाजूक भरतकामाची, अनेक दुकाने आहेत. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने केलेले हे काम छायाचित्रात पकडणे सोपे नसते. समोरून थेट प्रकाश पडला, तर कापड सपाट दिसते आणि टाके हरवतात. तोच प्रकाश बाजूने तिरपा आला, की प्रत्येक उठावदार टाक्याची बारीक सावली पडते आणि नक्षी स्पष्ट होते. म्हणून प्रथम प्रकाश कोणत्या दिशेने येतो, ते पाहावे. दुपारच्या कडक उन्हापेक्षा सकाळचा तिरपा प्रकाश किंवा दुकानाच्या छपराखालील सौम्य उजेड अधिक उपयोगी पडतो.

दुसरी अडचण कॅमेऱ्याच्या स्वभावाची आहे. समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे आहे, असे गृहीत धरून कॅमेरा प्रकाशाचे प्रमाण ठरवतो. चौकटभर पांढरे कापड असेल, तर तो प्रकाश कमी करतो आणि कापड मळकट राखाडी दिसते. अशा वेळी प्रकाशाचे प्रमाण आपण थोडे वाढवावे. बऱ्याच मोबाइलमध्ये पडद्यावर बोट ठेवून ते वर सरकवले की हे साधते. उजेड कमी असेल, तर हात हलू नये म्हणून कोपर शरीराला टेकवावेत किंवा भिंतीचा आधार घ्यावा.

कापडाचे छायाचित्र घेणे आणि माणसाचे घेणे यांत मोठा फरक आहे. लखनौ व आसपासच्या भागांत हे भरतकाम प्रामुख्याने स्त्रिया घरी बसून करतात. त्यांच्या घरात किंवा कामाच्या जागी कॅमेरा रोखण्यापूर्वी परवानगी विचारणे हा केवळ शिष्टाचार नाही. आपला चेहरा कोणी टिपावा आणि कोणाला दाखवावा, हे ठरवण्याचा त्यांचा अधिकार आहे. नकार मिळाला, तर तो मानावा. होकार मिळाला, तर शक्य असल्यास छायाचित्राची एक प्रत त्यांना द्यावी.

छायाचित्राबरोबर तारीख, ठिकाण आणि संमती असल्यास व्यक्तीचे नाव वहीत नोंदवावे. घरातील जुन्या पेटीत एखादा फोटो सापडतो. पण त्यातील माणूस कोण, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. चेहरा समोर असूनही ओळख हरवते. एका ओळीच्या नोंदीने ती टिकली असती.

आपल्या गावातील आठवडी बाजार, पाणवठा किंवा एखादा जुना वाडा निवडा. त्याच जागेची सकाळी, दुपारी व संध्याकाळी छायाचित्रे घ्या. ती शेजारी शेजारी ठेवून प्रकाशाने काय बदलले, ते लिहा. या छंदाची सुरुवात एवढ्यावरही होते.