मोठा कॅनव्हास ताणताना

ॲम्स्टरडॅम शहरातील राइक्स म्युझियममध्ये रेम्ब्रांटचे ‘नाइट वॉच’ हे चित्र आहे. १६४२ सालचे हे तैलचित्र सुमारे साडेचार मीटर रुंद व पावणेचार मीटर उंच आहे. जानेवारी २०२२ मध्ये ते लाकडी चौकटीवरून उतरवावे लागले, कारण त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात कापडाला लाटा पडल्या होत्या. जगप्रसिद्ध चित्र, त्याच्या भोवती नाणावलेले तज्ज्ञ, आणि काम कोणते? तर कापड नव्या चौकटीवर नीट ताणून बसवण्याचे! चित्रकारांसाठी कॅनव्हास ताणून देणारा फ्रेमवाला हेच काम करत असतो. हातभर चित्राच्या बाबतीत ते तासाभरात उरकते. चित्र मोठे झाले की मात्र यंत्रशास्त्राचे नियम आडवे येतात.

ताणलेले कापड चौकटीच्या चारही पट्ट्यांना आत ओढत असते. ही ओढ मीटरमागे ३०० न्यूटन आहे असे धरू. मग ३ मीटरच्या पट्टीवर एकूण ९०० न्यूटन, म्हणजे सुमारे ९० किलोग्रॅम वजनाएवढा जोर येतो. एक धडधाकट माणूस त्या पट्टीला सतत लोंबकळत आहे असे समजा. पट्टी मध्यावर आत वाकणारच. किती वाकेल? लांबी दुप्पट केली की एकूण ओढ दुप्पट होते. शिवाय तेवढ्याच ओढीने दुप्पट लांबीची पट्टी आठपट वाकते. म्हणून एकंदर वाक २ × ८ = १६ पट होतो. लांबी तिप्पट केली तर ३ × २७ = ८१ पट! एक मीटरच्या चित्राला जी पट्टी सहज पुरते, ती तीन मीटरच्या चित्राला का चालत नाही, हे यावरून कळेल.

यावर उपाय दोन. पहिला म्हणजे मध्ये आडवी पट्टी टाकणे. तिने अंतर निम्मे होते आणि वाक सोळाव्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. दुसरा उपाय पट्टी रुंद घेण्याचा. येथे पुष्कळांची गल्लत होते. पट्टी पुढून मागे जाड असली की चौकटीला पीळ पडत नाही हे खरे. परंतु कापडाची ओढ चित्राच्या पातळीत असते, तेव्हा त्या पातळीतील रुंदीच उपयोगी पडते. ती दुप्पट केली की वाक आठव्या हिश्श्यावर येतो. घरची फूटपट्टी आडवी धरून वाकवा, मग कडेवर उभी धरून वाकवून पाहा. फरक हातालाच कळेल.

चौकट जुळवल्यावर फ्रेमवाला दोन्ही कर्ण मोजतो. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे भरले, तर कोन काटकोन आहेत हे तुम्ही भूमितीत शिकलाच आहात. मोठ्या चौकटीला सुताराचा गुण्या अपुरा पडतो. कर्ण फसवत नाहीत.

आता कापड. एक रुमाल घ्या. धाग्यांच्या दिशेने ओढा, तो फारसा लांबत नाही. तिरपा ओढा, झटकन लांबतो. म्हणून कॅनव्हासचे धागे पट्टीला समांतर ठेवावे लागतात. दुसरी गोष्ट अशी, की विणीतला प्रत्येक धागा नागमोडी असतो. उभे धागे ओढले की ते सरळ होतात आणि आडवे धागे अधिक नागमोडी होतात. म्हणजे कापड दुसऱ्या दिशेने आखडते. एक बाजू पूर्ण ठोकून मग दुसरी ओढली, तर सगळा हिशेब चुकतो. त्यासाठी प्रथम चारही बाजूंच्या मध्यावर एकेक खिळा मारायचा, मग समोरासमोर थोडे थोडे करत कोपऱ्यांकडे सरकायचे. रुंद तोंडाच्या पकडीने कापड ओढायला एक माणूस आणि ठोकायला दुसरा, अशी जोडी मोठ्या कामाला लागतेच.

ताण पुरेसा झाला का हे पाहायला कापडावर टिचकी मारतात. ढोलकीसारखा आवाज आला की काम झाले, असा समज आहे. पण ताण तोच ठेवून कापड मोठे केले तर आवाज खाली उतरतो. लहान कॅनव्हासचा सूर मोठ्यात शोधू गेलात, तर कापड नको तेवढे ताणले जाईल.

आणि जास्त ताण ही खरी धोक्याची गोष्ट आहे. पूर्वीपासून कॅनव्हासला सरसाचा हात देऊन त्यावर अस्तर चढवण्याची रीत आहे. सरस दमट हवेत फुगून मऊ पडतो, त्यामुळे पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात असे चित्र सैल पडलेले दिसते. अशा वेळी कोपऱ्यांतल्या पाचरी ठोकून ते ताठ करण्याचा मोह होतो. पाचर हे उतरणीचेच रूप आहे; हातोडीचा लहानसा ठोकाही तिच्यामुळे मोठा जोर देतो. पुढे हिवाळ्यात हवा कोरडी झाली की सरस आकसतो, ताण वाढतो, आणि जुना ठिसूळ झालेला रंग तडकतो. कापड पुन्हा ताणता येते, तडकलेला रंग पूर्ववत होत नाही. जाणता कारागीर म्हणूनच श्रावणात पाचरींना हात लावत नाही.

खिळ्यांच्या ओढीची एक खूण मात्र कायम राहते. प्रत्येक खिळ्यापाशी धागे थोडे बाहेर खेचले जातात आणि दोन खिळ्यांमध्ये आत राहतात. कडेने महिरपींची रांग तयार होते. वरून अस्तर वाळले की ती तशीच गोठते. अस्तरात शिशाचा पांढरा रंग असेल तर क्ष-किरणांच्या छायाचित्रात ही वीण स्पष्ट उमटते. एखाद्या कडेला महिरपी दिसल्याच नाहीत, तर ती बाजू नंतर कापली गेली असावी अशी शंका घेता येते. ‘नाइट वॉच’ १७१५ साली नगरभवनातल्या भिंतीवर मावेना, म्हणून चारही बाजूंनी कापले गेले होते. सर्वांत मोठी पट्टी डावीकडची होती.