सोमवती, अमृतस्नान आणि सूर्यग्रहण एकाच दिवशी : 2 ऑगस्ट 2027 ला डोळे कसे सांभाळाल, गर्दीत कसे वागाल?

बेळगाव : कॅलेंडरमध्ये 2 ऑगस्ट 2027 या तारखेवर आताच खूण करून ठेवा. त्या दिवशी सोमवार आहे, आषाढ अमावास्या आहे, म्हणजे सोमवती. आपल्याकडे दिव्यांची आवसही तीच. नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थाचे जे वेळापत्रक जाहीर झाले आहे, त्यात पहिले अमृतस्नान याच दिवशी आहे. आणि त्याच दुपारी सूर्यग्रहण आहे.

एवढे सगळे एका दिवशी आल्यावर गर्दी होणार हे सांगायला ज्योतिषी नको. निपाणी, चिकोडी, खानापूरपासून इंदूर, बडोदा, हैदराबादपर्यंतची मराठी कुटुंबे त्या दिवशी कुठे ना कुठे नदीकाठी असतील. म्हणून दोन गोष्टी आधीच समजून घेतलेल्या बऱ्या. एक, डोळ्यांचे काय. दोन, गर्दीचे काय. दोन्हीत एक साम्य आहे : धोका आला आहे हे आपल्याला वेळेवर कळत नाही.

ग्रहण नेमके कसे दिसेल?

हे ग्रहण खग्रास आहे, पण आपल्याकडे नाही. चंद्राची दाट सावली स्पेनच्या दक्षिण टोकावरून, उत्तर आफ्रिकेतून, इजिप्तमधल्या लक्झरवरून, सौदी अरेबिया आणि येमेनवरून जाते. लक्झरजवळ सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकलेला राहील. या शतकातल्या लांब खग्रास ग्रहणांपैकी हे एक.

भारतात मात्र ते खंडग्रासच दिसेल. आपल्या भागात दुपारी चारच्या आसपास सुरू होऊन सायंकाळी सहाच्या आत संपेल. गावागणिक काही मिनिटांचा फरक पडतो, त्यामुळे आपल्या गावाची वेळ पंचांगात बघावी. गोवा-बेळगावकडे बिंब थोडे जास्त झाकले जाईल, ग्वाल्हेरकडे त्याहून कमी. पण अर्ध्यापेक्षा जास्त कुठल्याच मराठी मुलखात नाही.

याचा सरळ अर्थ असा, की त्या दिवशी आपल्याकडे अंधार पडणार नाही. ग्रहण चालू आहे हे कित्येकांना कळणारसुद्धा नाही. आणि साध्या डोळ्यांनी सूर्याकडे बघता येईल असा एक क्षणही आपल्या वाट्याला येणार नाही.

हे मुद्दाम सांगायचे कारण आहे. लक्झरला सूर्य पूर्ण झाकला जाईल तेव्हा आपल्याकडे साडेतीन वाजून गेलेले असतील. तिथले लोक त्या सहा मिनिटांपुरते चष्मे काढतील, ते बरोबरच आहे. तोच व्हिडिओ पाच मिनिटांत आपल्या मोबाईलवर येईल आणि कोणीतरी म्हणेल, "बघा, ते लोक तर नुसत्या डोळ्यांनी बघताहेत." त्यांच्याकडे सूर्य पूर्ण झाकलेला असेल, आपल्याकडे उघडा असेल. तो व्हिडिओ बघून चष्मा काढू नका.

डोळ्याला होते काय?

ग्रहणातल्या सूर्यातून काही वेगळे किरण येत नाहीत. रोजचाच सूर्य असतो. फरक एवढाच, की रोज आपण त्याच्याकडे टक लावून बघत नाही आणि ग्रहणात बघतो.

डोळ्यातले भिंग सूर्याची प्रतिमा पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, नेमक्या मध्यबिंदूवर गोळा करते. वाचायला, चेहरा ओळखायला, सुईत दोरा ओवायला आपण हाच बिंदू वापरतो. तीव्र प्रकाशाने तिथल्या पेशींत रासायनिक बिघाड होतो. पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे डोळा दुखत नाही, पाणी येत नाही, काही नाही. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडल्यावर कळते की मधोमध एक डाग आहे, सरळ ओळ वाकडी दिसते आहे, रंग फिके वाटताहेत. यावर खात्रीचा उपाय आजही नाही. बऱ्याच जणांना काही आठवड्यांत-महिन्यांत फरक पडतो, काहींचा डाग कायम राहतो. असे काही जाणवले तर घरगुती थेंब न घालता थेट नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

आता ऑगस्टचा मुद्दा. आपल्याकडे तेव्हा भर पावसाळा. 22 जुलै 2009 चे खग्रास ग्रहण बडोदा आणि इंदूरवरून गेले, पण ढगांमुळे अनेकांना काहीच दिसले नाही. दाट ढग असले तर प्रश्नच मिटला. घोळ होतो तो पातळ ढगांनी. त्यांच्यातून सूर्य चंद्रासारखा मवाळ दिसतो, डोळे दिपत नाहीत आणि माणूस निवांत बघत उभा राहतो. ढग सरकला की उघडा सूर्य थेट डोळ्यात. पातळ ढग हा चष्मा नव्हे.

काय चालते, काय चालत नाही?

ग्रहणाचा चष्मा घ्यायचा तर त्यावर आयएसओ 12312-2 हे मानक आणि बनवणाऱ्याचे नाव-पत्ता पाहिजे. नुसता शिक्का कोणीही मारतो, म्हणून घरी तपासा. चष्मा लावल्यावर सूर्याखेरीज काहीही दिसता कामा नये. घरातला बल्ब, ट्यूब, समोरची भिंत दिसली तर तो चष्मा उपयोगाचा नाही. ओरखडा, घडी किंवा टाचणीएवढे भोक असेल तरी फेकून द्या. विज्ञान केंद्र किंवा ओळखीच्या विज्ञान संस्थेकडून महिनाभर आधी घ्या. आदल्या दिवशी घाटावर विकायला येतील त्यांचा भरवसा धरू नका. वेल्डिंगची काच वापरायची तर ती 14 नंबरची हवी. वेल्डर रोज वापरतात ती बहुधा त्याहून फिकी असते.

एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, जुनी कॅमेऱ्याची रीळ, सीडी, दोन गॉगल एकावर एक, यांतले काहीही चालत नाही.

परातीत पाणी घेऊन, त्यात हळद किंवा शेण कालवून प्रतिबिंब बघायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. तिचा हिशेब एकदा मांडून बघू. चांगला चष्मा सूर्यप्रकाशाचा साधारण तीस हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी आत सोडतो. स्थिर पाणी सूर्य डोक्यावर असताना पन्नासावा भाग परत फेकते, आणि दुपारी उशिरा सूर्य कलला की त्याहून जास्त. पन्नास कुठे आणि तीस हजार कुठे! परातीत टक लावून बघणे म्हणजे सूर्याकडेच बघणे.

दुर्बिणीला डोळा लावताना ग्रहणाचा चष्मा घातला तरी उपयोग नाही. गोळा झालेला प्रकाश फिल्टर जाळून आत जातो. दुर्बिणीचा फिल्टर पुढच्या तोंडाला बसवलेला हवा.

सगळ्यात स्वस्त साधन स्वयंपाकघरातच आहे : झारा. सूर्याकडे पाठ करून उभे राहा आणि झारा जमिनीपासून मीटर-दीड मीटर वर धरा. त्याच्या सावलीत प्रत्येक भोकाची एकेक छोटी चंद्रकोर दिसेल. आणखी मोठे चित्र हवे तर छोटा आरसा कागदाने झाका, कागदाला पाच मिलिमीटरचे भोक ठेवा आणि कवडसा दहा मीटरवरच्या सावलीतल्या भिंतीवर पाडा. साधारण नऊ सेंटिमीटरचा सूर्य मिळतो, अख्खी वाडी एकदम बघू शकते. फक्त आरशात कोणी डोकावू नये आणि कवडसा कोणाच्या डोळ्यावर मारू नये.

गर्दी : 1980 ते आज

16 फेब्रुवारी 1980 चे खग्रास ग्रहण आपल्या दारातूनच गेले होते. अंकोला, हुबळी, गदग, रायचूर असा त्याचा पट्टा होता. बेळगावातही बिंब जवळजवळ पूर्ण झाकले गेले. ज्येष्ठ मंडळी सांगतात, तेव्हा भीतीने रस्ते ओस पडले होते. आज उलट झाले आहे. भीती गेली हे चांगलेच, पण गर्दी आली.

सोमवतीच्या गर्दीचा इतिहास कडू आहे. 15 जुलै 1996 ला सोमवतीलाच उज्जैनच्या महाकाल मंदिरात आणि हरिद्वारला चेंगराचेंगरी होऊन अनेक जीव गेले. नाशिकला 27 ऑगस्ट 2003 रोजी सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद, उताराच्या वाटेवर 39 भाविक दगावले. 2009 च्या ग्रहणात वाराणसीच्या घाटावरही चेंगराचेंगरीत एका वृद्धेचा मृत्यू झाला.

अशा वेळी लोक पायाखाली तुडवून मरतात असे आपण समजतो. प्रत्यक्षात बरेच जण उभ्या उभ्या, छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने जातात. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसे झाली की गर्दी पाण्यासारखी वागायला लागते. मागच्याचा धक्का पुढे पन्नास फुटांवर पोचतो, आणि मागच्याला तर ते कळतही नाही. म्हणून "पुढे चला, पुढे चला" म्हणणारा माणूस वाईट नसतो, त्याला पुढचे दिसत नसते.

2 ऑगस्टला तीन ठिकाणी जास्त जपावे लागेल.

पहिले, परतीची वेळ. एरवी पहाटे-सकाळी स्नान करून माणसे दुपारी घरी निघतात. त्या दिवशी ग्रहणाचे स्नान, मग मोक्षाचे स्नान म्हणून बरेच जण सायंकाळपर्यंत थांबतील. सकाळचे गेले नाहीत आणि संध्याकाळचे आले, अशी स्थिती होऊ शकते.

दुसरे, बंद दार. ग्रहणात अनेक देवळे बंद असतात. दारासमोर माणसे साठत जातात आणि दार उघडले की सगळी एकदम आत घुसतात. दार उघडल्यावर अर्धा तास लांब थांबा. देव कुठे जात नाही.

तिसरे, नदी. ऑगस्टमध्ये नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगा दुथडी असतात. पाणी गाभाऱ्यात शिरून दक्षिणद्वार होण्याचे हेच दिवस. नाशिकला गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदावरी चढते आणि लोक दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आले ते बघतात. वरून विसर्ग सुरू असेल तर पाण्यात उतरू नका, काठावर तांब्याने अंगावर पाणी घ्या.

वेध पाळणाऱ्यांसाठी एक सूचना. सूर्यग्रहणाचे वेध बारा तास आधी लागतात, म्हणजे त्या दिवशी पहाटेच. पहाटेपासून पाणीही न घेता रांगेत उभा असलेला म्हातारा माणूस दुपारी चक्कर येऊन पडतो, आणि गर्दीत एक पडला की मागचे चार पडतात. लहान मुले, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांना पंचांगातही वेधाची सूट दिलेली असते. ती घ्यावी. रक्तदाबाची, साखरेची गोळी चुकवू नये.

चष्मा लावून चालू नका

डोळे आणि गर्दी हे दोन धोके एकत्र येतात ते इथे. ग्रहणाचा चष्मा लावला की पायरी दिसत नाही, शेजारचा दिसत नाही, काहीच दिसत नाही. घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर किंवा पुलावर कोणी चष्मा लावून वर बघत थांबला, की मागून येणारी रांग त्याच्यावर आदळते. आधी कडेला मोकळ्या जागी उभे राहा, मान खाली ठेवून चष्मा लावा, मग वर बघा. परत मान खाली, चष्मा काढा, मग चाला. मुलांना एका हाताने धरून ठेवा. हायवेवर गाडी थांबवून बघू नका.

गर्दीत दाब वाढतो आहे असे वाटले तर हात छातीसमोर आडवे घ्या, म्हणजे श्वासाला जागा राहते. उलट दिशेने रेटू नका, लाट ओसरली की तिरके तिरके कडेला सरका. चप्पल, पिशवी, मोबाईल पडला तर पडू द्या, वाकू नका. लहान मूल उचलून घ्या. पडलातच तर कुशीवर वळून डोके हातांत झाका. मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा, कारण अशा गर्दीत मोबाईलची रेंज बहुतेक जाते.

मग करायचे काय?

स्नान आणि ग्रहण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. अमृतस्नानाला जायचे असेल तर प्रशासन जी वेळ आणि जो मार्ग सांगेल तो पाळून, स्नान उरकून दुपारपूर्वी गर्दीबाहेर पडा. सोमवतीला जेजुरीला जाणाऱ्यांनीही पालखी कऱ्हेवर जाताना कडेने चालावे. ग्रहण बघायला घाटावर थांबण्याची काहीच गरज नाही. नाशिकच्या रामकुंडावर दिसेल तेच ग्रहण बेळगावच्या गच्चीवर दिसेल, वाटेत जेवायला थांबाल त्या शेताच्या बांधावरही दिसेल.

चार वाजता अंगणात या, झारा घ्या, पोरांना जमिनीवरच्या चंद्रकोरी दाखवा. ढग आले तर टीव्हीवर लक्झरचे ग्रहण बघा. संध्याकाळी दिव्यांची आवस आहेच, दिवे लावायला सगळे घरी असू द्या.